हिवाळ्यात नाजूक झाडांची जपणूक

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुकोगंजातील मराठी घरांतून तुळशीची लग्ने लागतात. वृंदावनाला गेरूचा हात फिरलेला असतो, उसाचा मांडव घातलेला असतो, चिंचा-आवळे मांडलेले असतात, आणि मधोमध मंजिऱ्यांनी लवलेली हिरवीगार तुळस उभी असते. पुढे दोन महिने जातात. संक्रांतीचा तिळगूळ वाटावयास मुले घरोघर फिरू लागतात, तेव्हा त्याच वृंदावनांत पुष्कळ ठिकाणी काळवंडलेल्या काड्यांचा एक झुबका तेवढा उरलेला दिसतो. 'थंडीने गेली' असे घरातील वडील मंडळी म्हणतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कोठून तरी नवे रोप आणून लावले जाते.

थंडीने गेली हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे काय, हे शोधण्याचा छंद आम्हांस कित्येक हिवाळ्यांपासून लागला आहे. त्यातून जे हाती आले ते येथे सांगावयाचे योजिले आहे. गोष्ट एकट्या तुळशीची नाही. होळकरांच्या काळी मराठी कुटुंबे मालव्यात आली, तेव्हा त्यांच्याबरोबर देवघर आणि स्वयंपाकघर आले, आणि त्या दोहोंना लागणारी झाडेही आली. वडीसाठी अळू, पातोळ्यांसाठी हळदीचे पान, फोडणीसाठी कढीलिंब, विड्यासाठी नागवेल, वेणीसाठी अबोली, आणि अंगणाच्या एका कोपऱ्यात केळीचे बेट. ही सारी मंडळी ऊबदार आणि दमट हवेत वाढणारी. त्यांतील कित्येकांस थंडी म्हणजे काय हे मुळात ठाऊकच नाही. ती येथे घाट ओलांडून पठारावर आली आणि पौषातल्या रात्रींच्या तावडीत सापडली.

इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. नकाशा पाहून कोणी म्हणेल की, येथे हिमाचे भय कसले? परंतु शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, समुद्र दूर आहे, आणि हिवाळ्यात हवा कोरडी असते. जानेवारीत दुपारी पारा पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे दहाच्या आसपास उतरतो. लाट आली म्हणजे तो चार-पाच अंशांवर येतो. 1935 च्या जानेवारीत उत्तर हिंदुस्थानावर जी विलक्षण थंडीची लाट आली, तिच्यात 16 तारखेस दिल्लीचा पारा शून्याखाली 0.6 अंशांपर्यंत गेला होता, आणि इंदूरनेही त्या वेळी गोठणबिंदूच्या खालची रात्र पाहिली. अशी रात्र क्वचित येते हे खरे. पण नाजूक झाडास मारावयास शून्य अंशाची गरज नसते, हेच प्रथम समजून घेतले पाहिजे.

येथे भाषेची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. मालव्यातील शेतकरी पिकावर पडणाऱ्या हिमाला 'पाला' म्हणतो. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. त्यामुळे तुकोगंजातील आमच्या घरांतून, जेथे मुले अंगणात हिंदी आणि माजघरात मराठी बोलतात, तेथे 'पाल्याने पाला जळाला' असे वाक्य सहज निघून जाते आणि पुण्याहून आलेला पाहुणा बुचकळ्यात पडतो. मराठीत ह्या वस्तूला सर्वांच्या तोंडी बसलेला एक शब्द नाही. दवाला दहिवर म्हणतात. ते गोठले म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी वर्तमानपत्रवाले 'हिमकण' दिसल्याची बातमी देतात. आम्ही या लेखात हिम हाच शब्द वापरतो.

आता थंडी झाडाला नेमके काय करते ते पाहू. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली थिजते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. सकाळी तेल हवे असेल तर बाटली उन्हात ठेवावी लागते. तिच्याच शेजारी असलेले तिळाचे तेल मात्र पातळच राहते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो, आणि पेशीत काय यावे, काय जावे, याची राखण तो करतो. थंड देशांतील झाडांचे पापुद्रे तिळाच्या तेलाच्या जातीचे असतात. गारठ्यातही ते मऊ राहतात. उष्ण प्रदेशातील झाडांचे पापुद्रे थोडेफार खोबरेलाच्या वळणाचे. हवा दहा-बारा अंशांच्या खाली गेली की ते ताठरतात, त्यांची राखण ढिली पडते आणि पेशीतील क्षार बाहेर झिरपू लागतात. मुळांची पाणी ओढण्याची शक्तीही मंदावते. म्हणूनच हिमाचा एक कणही न पडता तुळस काळवंडते, केळीचे पान पिवळे पडते, आणि कढीलिंब आपली पाने टाकून देतो.

प्रत्यक्ष गोठण्याची गोष्ट निराळी. पाऱ्याने शून्य ओलांडले म्हणजे बर्फ प्रथम पेशींच्या आत होत नाही, तो पेशींच्या मधल्या जागेत होतो आणि पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी जणू तहानेने मरतात. सकाळी असे पान उकडलेल्या पालेभाजीसारखे लिबलिबीत व गडद दिसते, आणि दुपारपर्यंत काळे होते.

परंतु चार-पाच अंश तपमानाच्या रात्री झाडावर हिम कोठून येणार? वेधशाळेचा तपमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, छपराच्या पेटीत, सावलीत असतो. तो हवेचे तपमान सांगतो. उघड्या आकाशाखाली असलेले पान त्या हवेपेक्षाही थंड होते. दिवसा सूर्याकडून मिळालेली उष्णता ते रात्री आकाशाकडे टाकीत असते, आणि निरभ्र आकाश त्याला फारसे काही परत देत नाही. ढग असले तर ते पांघरुणासारखे उष्णता अडवितात. आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असेल, तर गवताचे पाते हवेहून तीन ते पाच अंशांनी खाली उतरू शकते. मग हवा चार अंशांवर असताना गवतावर हिम दिसले तर नवल नाही.

ही गोष्ट आपल्या देशातील कारागिरांनी, तिचे शास्त्र कोणी लिहून ठेवण्यापूर्वीच, धंद्यात उतरविली होती. अलाहाबादेकडे हिवाळ्यात उघड्या मैदानावर खड्डे खणून, त्यांत उसाची वाळलेली चिपाडे व कडबा पसरून, त्यावर मातीची उथळ परळे पाण्याने भरून ठेवीत. आणि हवा गोठणबिंदूच्या वर असताही पहाटे परळांतून बर्फ गोळा करीत. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीस या कृतीची हकीकत कळविली. खालचा कडबा जमिनीची ऊब अडवी आणि वरचे आकाश परळाची उष्णता ओढून घेई.

त्याचे कारण नीट उलगडले ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील डॉक्टराने. दवावरील त्याचा निबंध 1814 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक कबुली दिली आहे, आणि ती आम्हांस फार आवडते. माळी लोक नाजूक रोपांवर पातळशी चटई टाकतात हे पाहून तो पूर्वी मनात हसत असे. एवढ्याशा चटईने हवेचा गारठा कसा अडणार, असे त्यास वाटे. पुढे आकाशाकडे जाणाऱ्या उष्णतेचे मर्म कळल्यावर त्याच्या ध्यानी आले की, माळी बरोबर होते आणि अर्धवट ज्ञानाचा अभिमान आपला होता. चटई हवेला अडवावयाची नसतेच. तिने झाड आणि आकाश यांच्यामध्ये आडोसा करावयाचा असतो. त्याने गवतात चार बारीक काठ्या रोवल्या, त्यांवर एक तलम रुमाल ताणून बांधला, आणि खालचे गवत बाजूच्या उघड्या गवताहून कितीतरी उबदार राहते हे तपमापकाने दाखवून दिले. तोच कपडा गवताला चिकटून टाकला तर लाभ कमी होतो, हेही त्याने पाहिले.

चार काठ्या आणि एक रुमाल! आमच्या मते, या विषयावर एवढेच कोणी लक्षात ठेवले तरी निम्म्या तुळशी वाचतील. वृंदावनाच्या चार कोपऱ्यांत बांबूच्या कामट्या रोवाव्या, त्यांवर जुने धोतर, चादर अथवा गोणपाट टाकावे, आणि कापड पानांना कोठेही टेकणार नाही असे पाहावे. झाड जमिनीत लावलेले असेल तर कापडाचे काठ थेट भुईपर्यंत सोडावे. कारण रात्री झाडाला जी ऊब मिळते ती खालच्या मातीतून वर येते. पुष्कळ लोक झाडाच्या शेंड्याला कापड गुंडाळून बुंध्याशी दोरीने करकचून आवळतात. असे केल्याने मातीची ऊब बाहेरच राहते. सूर्यास्तापूर्वी, माती उबदार आहे तोवर पांघरूण घालावे आणि सकाळी ऊन अंगणात आले की काढावे. काढण्याचा आळस करणे हे न घालण्याइतकेच वाईट. कारण मालव्यात दुपारी पंचवीस अंशांचे ऊन असते आणि झाडाला ते हवे असते. प्लॅस्टिकचा कागद घरात सहज सापडतो म्हणून लोक तोच ओढून घेतात. पण तो पानाला चिकटला तर चिकटला तेवढा भाग काळा पडतो, आत पाण्याचे थेंब साचून बुरशी धरते, आणि सकाळी तासभर विसरला तर आतले रोप शिजते. प्लॅस्टिक वापरणेच भाग असेल तर त्याखाली एक कापड असू द्यावे.

पपई, आंबा, चिकू यांच्या वर्षा-दोन वर्षांच्या कलमांसाठी शेतकऱ्यांची जुनी रीत याहून चांगली. रोपाभोवती तुराट्या किंवा कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून वर शेंडी बांधतात आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवतात. सकाळचे ऊन त्या दाराने आत येते, उत्तरेचा वारा पाठीवर अडतो, आणि ही खोपी महाशिवरात्रीपर्यंत हलवावी लागत नाही.

विद्यार्थ्यांनी वेल्सचा प्रयोग स्वतः करून पाहावा. शाळेच्या मैदानावर गवताचा एक तुकडा निवडून तेथे सायंकाळी दोन साधे तपमापक ठेवावे, एक उघड्यावर आणि दुसरा चार काठ्यांवर ताणलेल्या कापडाखाली. सूर्योदयापूर्वी जाऊन दोन्ही आकडे वहीत टिपावे, आणि आकाश कसे होते, वारा होता की नव्हता, हेही लिहावे. पंधरा दिवस असे केले तर ढगाळ रात्री आणि निरभ्र रात्री यांतील फरक आपोआप डोळ्यांपुढे येईल. पहाटे उठावयाचे म्हणजे घरच्यांची समजूत घालावी लागेल, ते ज्याचे त्याने पाहावे.

अशा वहीचा आणखी एक उपयोग आहे. हिवाळ्याचे चार महिने रोज झाडे झाकीत बसण्याचे कारण नाही. धोक्याच्या रात्री थोड्या असतात आणि त्या बहुधा आधी सूचना देऊन येतात. पौष-माघात मालव्यात मधूनच पाऊस पडतो, त्याला येथे मावठा म्हणतात. पश्चिमेकडून येणारे वादळी हवेचे पट्टे हिमालयावर बर्फ टाकून जातात, त्यांचाच हा दक्षिणेकडचा शिंतोडा. मावठ्याच्या दिवशी ढग असतात, म्हणून रात्र फार गार होत नाही. तो सरल्यावर आकाश धुतल्यासारखे होते आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. मग ज्या सायंकाळी तो वाराही पडतो, धूर चुलीवरून सरळ वर न जाता आडवा पसरून राहतो, आणि तारे अतिशय तेजस्वी दिसतात, ती रात्र झाडांसाठी वाईट समजावी.

जागेचेही महत्त्व आहे. थंड हवा जड असल्याने उताराने पाण्यासारखी वाहते आणि सखल जागी साचते. म्हणून खान नदीच्या काठच्या बागांना टेकाडावरील बागांपेक्षा अधिक गारठा सोसावा लागतो, आणि एकाच आवारातही खालच्या कोपऱ्यातील केळ आधी करपते. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सावकाश परत देते. नाजूक कुंड्या अशा भिंतीला लागून, एकमेकींना चिकटून ठेवाव्या. तुकोगंजात पूर्वी बंगल्यांभोवती प्रशस्त आवारे होती. आता नाथमंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांतूनही बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि बागा गॅलरीत आल्या आहेत. जागा गेली याची हळहळ वाटते, पण हिवाळ्यापुरते पाहिले तर गॅलरीतील झाडे भाग्यवान आहेत. वरच्या मजल्याचे छत हेच त्यांच्यावरील रुमाल होय, आणि निरभ्र रात्री जमिनीलगतच्या हवेहून वरची हवा थोडी उबदार असते. त्यांना भय असते ते वाऱ्याचे. कठड्यावर टांगलेल्या कुंड्या तेवढ्या पौषात उतरवून भिंतीशी आणाव्या. क्रोटन, डिफेनबाकिया, मनीप्लांट, अँथुरियम ही मंडळी रात्री घरात घेतली तरी चालतात. मात्र त्यांना महिनाभर अंधाऱ्या खोलीत कोंडू नये.

आता पाणी. तुळशीच्या मृत्यूचे जे उरलेले अर्धे कारण आम्ही प्रारंभी म्हटले, ते हेच. आमच्या घरी वसईहून आणलेली एक नागवेल होती. विड्याची पाने वसईची उत्तम, आणि ती वेल घरातील वृद्धांच्या विशेष प्रीतीची. पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिला गोणपाटाचा पडदा केला, रोज सायंकाळी तो सोडला, रोज सकाळी गुंडाळला, आणि वेल नाजूक आहे, दमट हवेतील आहे, म्हणून रोज दोन वेळा पाणीही घातले. माघात पाने पिवळी पडून गळू लागली. आम्ही समजलो की थंडी पुरेशी अडली नाही. पडदा दुहेरी केला आणि पाणी वाढविले. फाल्गुनात वेल वाळली. खणून पाहिले तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती आणि मातीला आंबूस वास येत होता. थंडीने तिला धक्काही लावलेला नव्हता. घरातील वृद्धांनी आम्हांस एक शब्द विचारला नाही, हे आम्हांस अधिक लागले.

कारण साधे आहे. थंडीत मुळे पाणी ओढीत नाहीत, पानांतून वाफ कमी जाते, आणि आपली मालव्याची काळी माती तर पाणी धरून ठेवण्यात पटाईत. उन्हाळ्यात जे पाणी सकाळी घातले आणि सायंकाळी नाहीसे झाले, तेच पौषात आठ-आठ दिवस कुंडीच्या तळाशी राहते. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, बुरशी लागते. वर पाने गळताना पाहून माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून हिवाळ्यात बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे आणि खालची माती कोरडी लागली तरच, तेही सकाळी ऊन चढल्यावर, पाणी द्यावे.

तुळशीच्या बाबतीत हे सांगताना संकोच वाटतो. स्नान झाल्यावर तुळशीला तांब्याभर पाणी घालावयाचे हा घराघरांतील नेम आहे, आणि एका घरात तीन-चार माणसे नेम पाळणारी असली की तुळशीला पहाटेच्या गारठ्यात तीन-चार तांबे थंड पाणी मिळते. नेम मोडावा असे आम्ही म्हणत नाही. पळीभर पाणी घातले तरी नेम राहतो; उरलेले तांब्यातील पाणी अंगणातल्या पारिजातकाला किंवा आंब्याला घालावे. आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंना हे भीतभीतच सुचविले होते. त्या म्हणाल्या, "तिला पडसं होतं म्हणा की!" आणि दुसऱ्या दिवसापासून पळी घेतली. कुंडीत तळाला भोक आहे की नाही आणि वृंदावनाचा तळ सिमेंटने बुजलेला नाही ना, हेही एकदा पाहावे. मंजिऱ्यांविषयीही येथेच सांगून टाकू. बी धरण्यात तुळशीची बरीच शक्ती खर्च होते. लग्न झाल्यावर थोड्या मंजिऱ्या बियांसाठी राखून बाकीच्या खुडून टाकल्या तर झाड हिवाळ्यास अधिक बळाने तोंड देते.

आणि तरीही, कडाक्याच्या रात्री शेतकरी सायंकाळी पिकाला हलके पाणी देतात, ते कसे? हे परस्परविरुद्ध वाटेल, पण नाही. जमिनीत लावलेल्या पिकाची ओली माती कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती लवकर वर पोचविते. तो उपाय एका-दोन रात्रींचा, निचरा होणाऱ्या जमिनीचा आहे. रोजच्या कुंडीचा नव्हे. नाशिक जिल्ह्यातील निफाडकडे थंडीची लाट आली म्हणजे द्राक्षबागाईतदार पहाटे बागेला पाणी सोडतात आणि ओळींमधून शेकोट्या पेटवितात. महाराष्ट्रातील हिवाळ्याचे नीचांक पुष्कळदा त्याच निफाडच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जातात. शेकोटीच्या धुराचे छत्र होऊन झाडे वाचतात असा समज आहे. धुराने फारसे काही होत नाही. आकाशाकडे जाणारी अदृश्य उष्णता धूर अडवू शकत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि तिच्यामुळे हवा ढवळून वरची उबदार हवा खाली येते त्याचा. म्हणून एका मोठ्या होळीपेक्षा अनेक लहान शेकोट्या बऱ्या. घराच्या अंगणात ओला पालापाचोळा जाळून शेजाऱ्यांना खोकावयास लावणे मात्र व्यर्थ.

तो पालापाचोळा जाळण्यापेक्षा झाडांच्या बुंध्याशी चार बोटे जाड पसरावा. पाचोळ्याचे खरे मोल इंदूरएवढे दुसऱ्या कोणत्या शहराने जगास शिकविले असेल असे वाटत नाही. 1924 साली येथे स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे मराठी सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील केरकचरा, शेण आणि माती यांपासून उत्तम खत करण्याची पद्धत सिद्ध केली. 1931 साली त्या दोघांच्या नावाने तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ती पद्धत 'इंदूर पद्धत' या नावानेच देशोदेशी गेली. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. त्या ढिगाचे तपमान पहिल्या काही दिवसांत साठ-पासष्ट अंशांपर्यंत चढते. घरचा लहान ढीग तेवढा तापत नाही, पण दक्षिणेच्या भिंतीशी खताचा खड्डा असला आणि कुंड्या त्याच्या काठाला ठेवल्या, तर त्यांच्या मुळांना ऊब मिळते. कुजलेले खत मात्र नाजूक झाडांना दिवाळीनंतर घालू नये. त्याने कोवळी पालवी फुटते आणि थंडी प्रथम तीच खाते.

काही झाडे अशी आहेत की, ती हिवाळ्यात उभी ठेवण्याचा हट्ट न धरता निजू द्यावी. अळू, हळद, आंबेहळद, सोनटक्का, भुईचाफा, आणि रंगीत पानांचे कॅलेडियम यांची पाने मार्गशीर्षात पिवळी पडू लागतात. ते मरण नव्हे. पाने पिवळी दिसताच पाणी तोडावे, ती आपोआप वाळू द्यावी, मग कंद हलक्या हाताने खणून माती झाडावी. धुऊ नये. जखमी अथवा मऊ झालेले कंद वेगळे काढून आधी स्वयंपाकात किंवा खताच्या खड्ड्यात घालावे. बाकीचे चार-सहा दिवस सावलीत सुकवून जुन्या माठात, कोरड्या वाळूत किंवा चुलीच्या राखेत, एकमेकांना लागणार नाहीत असे थरांनी ठेवावे. माठ माळ्यावर अथवा लाकडी फळीवर ठेवावा. फरशीचा गारठा त्यांना नको. शीतकपाटात ठेवणे ही तर शुद्ध चूक, कारण कॅलेडियमचे कंद पंधरा अंशांखालीही बिघडतात. महिन्यातून एकदा हात घालून पाहावे आणि कुजका लागेल तो काढावा. हळद अक्षय तृतीयेनंतर आणि अळू मृगाच्या आधी लावले म्हणजे श्रावणात पातोळ्या आणि वड्या दोन्ही साधतात. जमिनीचा निचरा चांगला असेल तर अळू, सोनटक्का जागच्या जागी, पाचोळ्याखाली राहू दिले तरी चालते.

डेलियाच्या बाबतीत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. विलायती पुस्तकांत लिहिलेले असते की, हिवाळ्यापूर्वी डेलियाचे कंद खणून घरात घ्यावे. त्या देशांत हिवाळा पाच-सहा महिने जमीन गोठवितो. फ्रान्सच्या राजाने तर नारिंगाच्या झाडांसाठी व्हर्साय येथे 1684 ते 1686 या काळात एक प्रचंड दगडी दालन बांधविले. तेथे अजूनही लाकडी पेट्यांतील शेकडो झाडे ऑक्टोबरात आत नेतात आणि मे महिन्यात बाहेर काढतात. आपल्याकडे डेलिया हिवाळ्यातच फुलतो! त्याला आपली थंडी मानवते आणि वैशाखाचे ऊन व पावसाळ्यातील चिखल मानवत नाही. म्हणून मालव्यात त्याचे कंद चैत्रात खणून, कोरड्या वाळूत, घरातील सर्वांत गार कोपऱ्यात भाद्रपदापर्यंत ठेवावयाचे असतात. आम्ही हे ऐकलेले सर्वांना सांगतो, तरी दरवर्षी कोणी ना कोणी पुस्तक वाचून डिसेंबरात ऐन कळ्यांतला डेलिया उपटतोच.

एवढे करूनही एखादी रात्र वैरीण होते आणि सकाळी झाड काळे पडलेले दिसते. अशा वेळी लगेच कात्री घेऊ नये. काळी पाने कुरूप दिसली तरी ती खालच्या जिवंत डोळ्यांवर आडोसा करून असतात, आणि छाटणीने फुटलेली कोवळी पालवी पुढच्या गारठ्यात सापडते. पाणी बेताचे ठेवावे, खत देऊ नये, आणि रंगपंचमीची गेर राजवाड्यावरून जाईपर्यंत हात आवरावा. नंतर फांदीची साल नखाने हळूच खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर थोडे खाली जाऊन पुन्हा खरवडावे, आणि जेथे हिरवे लागेल त्याच्या किंचित वर छाटावे. जास्वंद, अबोली, पॉइन्सेटिया ही पुष्कळदा बुंध्यापासून नव्याने फुटतात. कढीलिंब तर पाने टाकून दोन महिने मेल्यासारखा उभा राहतो आणि चैत्रात अशा जोमाने पालवतो की, माघात तो उपटावयास निघालेल्या माणसाला ओशाळल्यासारखे होते.

तुळस मात्र सर्वस्वी काळी पडली तर ती बहुधा परतत नाही. लग्नानंतर राखून ठेवलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी असाव्या. फाल्गुनाच्या अखेरीस, रात्री उबदार होऊ लागल्या म्हणजे, त्या तळहातावर चोळून बी मोकळे करावे आणि पसरट कुंडीत चाळलेल्या मातीवर भुरभुरावे. बी फार बारीक असते, म्हणून वर मातीचा जाड थर देऊ नये. चिमूटभर खतमाती पुरे. पाणी झारीने, तेही थोडे. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसू लागतात, आणि चार-सहा पाने आली की त्यांतील एक वृंदावनात लावून बाकीची शेजारी वाटता येतात.